दोर, तार आणि आटे : डोलकाठी उभी ठेवणाऱ्या मापांचा इतिहास

(१)
दोन बोल्ट शेजारी ठेवा. एकाचा व्यास ८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. एकाचा नट दुसऱ्यावर चढवला तर तो एक-दोन फेरे फिरतो आणि मग अडतो. कपाटाच्या बिजागरीत हा घोटाळा झाला तर फार तर दार कुरकुरेल. शिडाच्या नौकेवर झाला तर भर समुद्रात डोलकाठी कोसळू शकते. हा धागा त्या अडलेल्या नटामागच्या दोनशे वर्षांचा आहे.

(२)
आधी रचना समजून घेऊ. शिडाच्या नौकेवर दोन प्रकारचे दोर असतात. एक, शिडे वर-खाली करण्याचे आणि वळवण्याचे. ते सतत हलतात. दुसरे, डोलकाठीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे. ते जागचे हलत नाहीत. या दुसऱ्या प्रकाराला ‘स्टँडिंग रिगिंग’ म्हणतात. शिडात वारा भरला की सारा भार वाऱ्याच्या बाजूच्या ताणांवर येतो. त्यांतला एक ताण तुटला, तर काठीला तोलून धरणारे त्या बाजूला काहीच उरत नाही.

(३)
१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती सागवानात बांधली गेली होती. त्या काळच्या ब्रिटिश युद्धनौकांच्या डोलकाठ्या तागासारख्या ‘हेम्प’ या वनस्पतीच्या धाग्यापासून वळलेल्या, डांबर पाजलेल्या जाड दोरांनी बांधलेल्या असत. हा धागा मोठ्या प्रमाणावर रशियातून येई. त्यामुळे बाल्टिक समुद्रातली वाट खुली राहणे हा ब्रिटिश नौदलाच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता.

(४)
दोर ताणायचा कसा? त्यासाठी ‘डेड-आय’ नावाचा लाकडी गोल ठोकळा वापरीत. त्याला तीन भोके असत. एक ठोकळा ताणाच्या खालच्या टोकाला, दुसरा नौकेच्या कडेला. दोहोंच्या भोकांतून बारीक दोरी ओवायची, ती खेचायची आणि गाठ मारायची. ताण सैल पडला की दोरी सोडून पुन्हा खेचायची. या व्यवस्थेचा मोठा गुण असा, की तिला अचूक मापाची गरज नव्हती. ठोकळा थोडा लहान-मोठा असला, भोक थोडे रुंद असले, तरी दोरी स्वतःला जुळवून घेई.

(५)
अरबी समुद्रातल्या गलबतांवर तर याहून मोकळी पद्धत होती. तिरक्या परबाणावर शीड बांधणाऱ्या या नौकांवर डोलकाठीचे बाजूचे ताण कायमचे जखडलेले नसत. शीड दुसऱ्या बाजूला घेताना ताणही सोडून वाऱ्याच्या बाजूला नेऊन पुन्हा कसले जात. साहित्य म्हणजे मुख्यतः काथ्याचा दोर. तो खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो आणि ताणला तर थोडा लांबतो. तांडेलाच्या हाताला दोराची नाडी कळे. मोजपट्टीवाचून त्याचे अडत नसे.

(६)
म्हणजे त्या काळी मापे नव्हती असे नाही. ती होती, पण वेगळ्या स्वभावाची होती. धाग्याचा दोर इंग्रजी गोदीत व्यासाने नव्हे, घेराने मोजला जाई. ‘तीन इंची दोर’ म्हणजे तीन इंच घेराचा, सुमारे एक इंच जाडीचा. पुढे तारेचे दोर आले, तेव्हाही ब्रिटनमध्ये ही सवय बराच काळ टिकली. जुन्या नोंदी वाचताना आजचा वाचक इथे हमखास फसतो आणि दोर तिप्पट जाड समजून बसतो.

(७)
एकसारख्या वस्तूंची चाहूल प्रथम कप्प्यांमधून लागली. ब्रिटिश नौदलाला दरवर्षी लाखभराहून अधिक लाकडी कप्प्या लागत. मार्क ब्रुनेल याने त्यांसाठी यंत्रांची मालिका कल्पिली. ती यंत्रे हेन्री मॉडस्ले याने घडवली. १८०८ पर्यंत पोर्ट्समथच्या गोदीत वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या यंत्रावर तयार होऊ लागल्या. एकाच मापाची कोणतीही कप्पी दुसरीच्या जागी बसे. मात्र लाकूड आणि दोर यांचा हा व्यवहार अजूनही चुका पोटात घालणारा होता.

(८)
खरा बदल खाणीतून आला. १८३४ साली जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात, क्लाउस्टाल येथे, विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्याने लोखंडी तारा पिळून दोर बनवला. खोल खाणीत धाग्याचे दोर कुजत आणि साखळीची एक कडी तुटली की सारी साखळी जाई. पिळलेल्या दोरात एखादी तार तुटली तरी बाकीच्या भार पेलून धरीत. थोड्याच वर्षांत इंग्लंडमध्ये अँड्र्यू स्मिथ आणि रॉबर्ट न्यूअल यांनी तारेच्या दोरांची एकस्वे घेतली. स्मिथची नजर सुरुवातीपासूनच जहाजांवर होती.

(९)
जहाजांना तारेचा मोह पडणे स्वाभाविक होते. तेवढ्याच ताकदीचा तारेचा दोर धाग्याच्या दोराहून बारीक असतो, वाऱ्याला कमी अडवतो, ओला होऊन आखडत नाही, उन्हात सैल पडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या शिडाच्या जहाजांचे स्थिर ताण तारेचे झाले. पण या लाभाची एक किंमत होती. तार लांबत नाही. तिला सहज गाठ मारता येत नाही. तिच्या टोकाला काहीतरी धातूचे बसवावे लागते, आणि धातू दोरीसारखा जुळवून घेत नाही.

(१०)
काही काळ तारेच्या ताणाखाली जुनेच डेड-आय चालले. मग त्यांची जागा हळूहळू पेचाच्या ताणणीने घेतली. तिला आज ‘टर्नबकल’ म्हणतात. तिच्या मधल्या भागाच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात. मधला भाग फिरवला की दोन्ही टोके एकाच वेळी आत ओढली जातात. एका माणसाने, एका पान्याने, हवा तेवढा ताण! पण आता डोलकाठीचे भवितव्य आट्यांवर अवलंबून राहिले. आणि आट्यांच्या जगात तेव्हा अराजक होते.

(११)
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. इंचात किती फेरे, त्यांचा कोन किती, खोली किती, हे मालक किंवा मिस्त्री ठरवी. एका कारखान्याचा बोल्ट हरवला तर त्याच कारखान्याकडे जावे लागे. मॉडस्लेच्या लंडनमधल्या कारखान्यात अचूक आटे पाडणारे लेथ होते आणि तिथे आट्यांची मापे ठरवून घेण्याची शिस्त होती. त्या कारखान्यात काही काळ काम केलेला एक तरुण होता जोसेफ व्हिटवर्थ.

(१२)
व्हिटवर्थने इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतून बोल्ट जमवले, त्यांचे आटे मोजले आणि त्यांच्या सरासरीच्या जवळ जाणारे एक कोष्टक तयार केले. १८४१ मध्ये त्याने ते स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. आट्यांचा कोन ५५ अंश. प्रत्येक व्यासाला इंचामागे ठरलेले फेरे. हा मार्ग तडजोडीचा होता. कोणा एकाचे माप सर्वांवर लादले गेले नाही, म्हणून ते पटकन स्वीकारले गेले. रेल्वे कंपन्यांनी ते उचलले आणि ब्रिटिश साम्राज्याबरोबर ते जगभर पसरले.

(१३)
त्याची कसोटी क्रिमियन युद्धात लागली. ब्रिटिश नौदलाला उथळ पाण्यात चालणाऱ्या वाफेच्या तोफनौका तातडीने हव्या होत्या. जॉन पेन यांच्याकडे सुमारे ९० इंजिनांचे काम आले. एका कारखान्याला ते वेळेत झेपणारे नव्हते. म्हणून नमुन्याचे सुटे भाग निरनिराळ्या कारखान्यांकडे पाठवण्यात आले आणि तिथून बनून आलेले भाग एकत्र जोडण्यात आले. ते एकमेकांत बसले, कारण आटे एकाच कोष्टकातले होते. प्रमाणित माप ही लष्करी ताकद आहे, हे तेव्हा उमगले.

(१४)
मग अटलांटिकपलीकडून दुसरे कोष्टक आले. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स याने ६० अंशांच्या कोनाचे आणि सपाट माथ्याचे आटे सुचवले. त्याचे म्हणणे होते की व्हिटवर्थचे गोलसर माथे बनवणे कठीण आहे. सपाट माथा साधा कारागीरही काढू शकेल. १८६८ मध्ये अमेरिकी नौदलाने हे माप स्वीकारले. आता अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश बोल्टवर इंचाला १२ फेरे आणि अमेरिकी बोल्टवर १३. व्यास तोच, भाषाही तीच, पण नट बसेना.

(१५)
युरोप खंडाला इंचच नको होता. १८९८ मध्ये झुरिकला भरलेल्या परिषदेत मेट्रिक आट्यांचे आंतरराष्ट्रीय कोष्टक ठरले. कोन ६० अंश, पण सारी मापे मिलिमीटरमध्ये. म्हणजे विसाव्या शतकात प्रवेश करताना जगापुढे आट्यांच्या तीन मोठ्या घराण्यांचा पसारा होता. प्रत्येक घराणे आपल्या घरात अगदी शिस्तशीर होते. त्यामुळे संकटाचे स्वरूप बदलले. पूर्वी काहीच कशाला जुळत नसे. आता जुळल्यासारखे दिसणारे जुळत नव्हते.

(१६)
ही नुसती तांत्रिक कुरबुर नव्हती. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली. वॉशिंग्टन आणि इतर शहरांतून बंब धावत आले, पण त्यांच्यापैकी अनेकांच्या पाण्याच्या नळ्यांचे जोड बाल्टिमोरच्या नळखांबांवर बसेनात. पाणी होते, माणसे होती, यंत्रे होती, जोड नव्हता. पंधराशेहून अधिक इमारती जळाल्या. अमेरिकेत जोडांच्या राष्ट्रीय प्रमाणाची चळवळ या राखेतून उभी राहिली.

(१७)
दुसऱ्या महायुद्धात तोच प्रश्न दोस्त राष्ट्रांपुढे आला. ब्रिटिशांचे ‘मर्लिन’ विमानइंजिन अमेरिकेत पॅकर्ड कंपनी बनवू लागली, तेव्हा ब्रिटिश आटे पाडण्यासाठी तिला हत्यारेही स्वतः घडवावी लागली. युद्धानंतर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित इंची आट्यांच्या करारावर सह्या केल्या. १ जुलै १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, हेही ठरले. इंचाची आपसातली भांडणे मिटली. इंच आणि मिलिमीटर यांचे मात्र मिटले नाही.

(१८)
याच सुमारास शिडाच्या नौका हौशी लोकांच्या हाती आल्या. फायबरग्लासचे साचे आले आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, स्कँडिनेव्हिया, पुढे तैवान येथून हजारो नौका तयार होऊ लागल्या. ताण आता स्टेनलेस स्टीलचे, बहुधा १९ तारांच्या एका पिळाचे: मध्ये एक, भोवती सहा, त्याभोवती बारा. युरोपात तार मिलिमीटरमध्ये, पण टर्नबकलांवर अनेकदा १९४८ च्या करारातले बारीक इंची आटे. नौका विकल्या जातात, देश बदलतात, दुरुस्त होतात. वीस-तीस वर्षांनी एकाच डोलकाठीवर दोन्ही घराणी नांदताना आढळतात.

(१९)
फसवणूक कुठे होते, हे आकड्यांतून पाहावे.
५ मिमी आणि ३/१६ इंच (४.७६)
६ मिमी आणि १/४ इंच (६.३५)
७ मिमी आणि ९/३२ इंच (७.१४)
८ मिमी आणि ५/१६ इंच (७.९४)
१० मिमी आणि ३/८ इंच (९.५३)
१२ मिमी आणि १/२ इंच (१२.७०)
कधी इंची माप किंचित मोठे, कधी किंचित लहान. ‘इंची म्हणजे मोठे’ असा सोपा नियम इथे चालत नाही.

(२०)
महाराष्ट्रातल्या वाचकांना हा गोंधळ परका नाही. १९५६ च्या कायद्याने भारतात मेट्रिक मापे आली, पण हार्डवेअरच्या दुकानात आजही ‘सूत’ चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बांधकामावर मिस्त्री ‘तीन सुती’ सळई मागतो आणि १० मिलिमीटरची घेऊन जातो. ‘चार सुती’ म्हणतो आणि १२ ची नेतो. काँक्रीटमध्ये गाडायच्या सळईच्या व्यवहारात ही बोली खपते. डोलकाठीच्या खिळीला ती लावली, तर चार सुती भोकात १२ ची खिळी जाते आणि ०.७ मिलिमीटरची पोकळी राहते.

(२१)
एवढ्याशा पोकळीने काय होते? भोकात नेमकी बसलेली खिळी भार रुंद पृष्ठभागावर वाटते. सैल खिळी तो एका अरुंद रेषेवर टाकते. नौका डुलते तेव्हा ताण क्षणात कसतो, क्षणात ढिला पडतो. प्रत्येक हेलकाव्याला खिळी भोकाच्या कडेवर आदळते, आणि धातू थकतो. शिवाय १२ मिमी खिळीचा छेद अर्ध्या इंचाच्या खिळीहून सुमारे ११ टक्क्यांनी लहान. आट्यांचे तर विचारूच नये: ८ मिमीच्या नेहमीच्या बोल्टवर दोन आट्यांतले अंतर १.२५ मिमी, ५/१६ इंचाच्या बारीक आट्यांवर १.०६. जोर करून फिरवले तर दोघांचेही आटे मरतात आणि पकड मात्र असल्यासारखी भासते.

(२२)
मग जुने ताण बदलताना काय करतात? कुशल कारागीर प्रथम मोजतो. व्हर्नियर कॅलिपरने व्यास, आटे-मापीने फेरे, आणि तेही प्रत्येक जोडाचे स्वतंत्र. कारण उजव्या बाजूला जे आहे तेच डाव्या बाजूला असेल याची खात्री नसते. मोजणीची सुरुवात जे बदलायचे नाही तिथून होते: नौकेच्या अंगात बसवलेली चेनप्लेट आणि डोलकाठीवरचा जोड. त्यांच्या भोकांवरून खिळी ठरते, खिळीवरून टर्नबकल आणि टोकाचा जोड, आणि मग तार. तार आधी विकत घेऊन पुढचे शोधणारा बहुधा दोनदा खर्च करतो.

(२३)
दुसरा नियम असा की घराणे बदलायचे तर ते एकाच जागी, आणि त्यासाठीच बनवलेल्या वस्तूत. मिलिमीटरची तार घेणारे आणि दुसऱ्या बाजूला इंची आटे असणारे टर्मिनल कारखान्यात बनलेले मिळते. घराणेबदल तिथे करावा. भोक मोठे आणि खिळी लहान असेल, तर नेमक्या मापाची पातळ बुशिंग आत बसवतात. भोक लहान असेल, तर भोवती पुरेसा धातू उरत असेल तरच ते पुढच्या मापापर्यंत वाढवतात. खिळी घासून बारीक करणे हा उपाय नव्हे. तो अपघाताचा आरंभ होय.

(२४)
लांबीचाही प्रश्न असतो. जुनी तार वर्षानुवर्षांच्या भाराने थोडी ताणलेली असते आणि नव्या टर्नबकलची लांबी जुन्याइतकी असेलच असे नाही. म्हणून अनेक जण वरचे टोक कारखान्यात दाबून घेतात, आणि खालचे टोक नौकेवरच कापून, आत शंकू बसवणाऱ्या पेचाच्या टर्मिनलने बंद करतात. टर्नबकल दोन्ही बाजूंना सारखे उघडे ठेवून ताण मोजायचा, मगच तार कापायची. डेड-आयची दोरी जी सवलत आपोआप देत होती, ती इथे आधीच हिशेबात धरावी लागते.

(२५)
या साखळीवर माणसाचा जीव किती टांगलेला असतो, हे मुंबई-गोव्याशी नाते असलेल्या दोन नौका सांगतात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधली गेली. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात तिने एकट्याने, कुठेही न थांबता केलेली पहिली जगप्रदक्षिणा पूर्ण केली. तिचीच प्रतिकृती ‘थुरिया’ गोव्यात बांधली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलथली, डोलकाठी गेली आणि भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी पाठीला जबर दुखापत होऊन तीन दिवस अडकून पडले. एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले.

(२६)
‘थुरिया’चा दोष जोडांवर टाकण्याचे कारण नाही, तिच्यावर समुद्रच कोसळला. पण तशा समुद्रात जाणारा प्रत्येक खलाशी आपल्या हाती असलेल्या गोष्टी आधी तपासून घेतो, आणि जुळणारी खिळी ही त्याच्या हाती असते. किनाऱ्यावर अर्धा मिलिमीटर क्षुल्लक वाटतो. मदत चार दिवसांच्या अंतरावर असताना तो तसा राहत नाही.

(२७)
या इतिहासाकडे ‘अडाणी दोराकडून प्रगत तारेकडे’ अशा सरळ रेषेने पाहणे चुकीचे ठरेल. दोराच्या युगात अचूकपणा माणसाच्या हातात होता. तो तांडेलाबरोबर जाई आणि त्याच्याबरोबरच संपे. कोष्टकांच्या युगात तो कागदावर आला, म्हणून मुंबईत बसवलेला जोड केप टाउनमध्ये दुरुस्त होऊ शकतो. मात्र त्यासाठी कोष्टक कोणते, हे आधी कळायला हवे. वस्तूवर तिचे घराणे लिहिलेले नसते.

(२८)
‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. मुंबईत जोडलेले पुष्कळसे सागवान तिच्या अंगात अजून आहे. एखाद्या वाचकाला तिथे जाण्याचा योग आला, तर त्याने तोफांकडे वळण्याआधी नौकेच्या कडेला उभे राहून तीन भोकांचे ते लाकडी ठोकळे पाहावेत. मग शेजारच्या धक्क्यावरच्या एखाद्या नव्या नौकेचे चकाकणारे टर्नबकल पाहावे. दोन्ही एकच काम करतात. पहिल्यातली दोरी बदलायला खलाशाला हात पुरेत. दुसऱ्याला हात लावण्याआधी कॅलिपर काढावे लागते.